छडी खाल्लेला शब्द

एनॉक थ्वेटची निवड झाली ती त्याच्या दातांमुळे.

त्या रविवारी स्केलबेकच्या चॅपलमध्ये प्रार्थना उरकली आणि थॉमस किअर्टनने विद्यापीठाचं पत्र काढलं. थॉमस गावचं पोस्ट सांभाळायचा, त्यामुळे सगळ्यांदेखत पत्र वाचायचा मान त्याचा. पत्रात लिहिलं होतं की साऱ्या इंग्लंडातले खेड्यापाड्यांचे जुने शब्द, म्हाताऱ्या माणसांबरोबर मातीत जायच्या आत, लिहून घ्यायचं ठरलं आहे. त्यांचा एक मोठा नकाशा होणार. दहा-बारा मैलांच्या टापूतून एकच गाव घ्यायचं, त्या गावाचा नकाशावर एक ठिपका, आणि त्या गावच्या वतीने बोलणारा माणूसही एकच. माणूस साठीच्या पुढचा हवा. त्याच गावात जन्मलेला, आईबाप तिथलेच, बाहेर फारसा न फिरलेला. शेवटची अट अशी, की तोंडात त्याचे स्वतःचे दात हवेत, म्हणजे उच्चार नीट ऐकू येतील.

ही शेवटची अट ऐकून चॅपलमधली सगळी म्हातारी माणसं तोंड मिटून बसली.

मग एकेक करून माना एनॉककडे वळल्या. बहात्तराव्या वर्षीही तो आढ्याला टांगून वाळवलेली ओटची भाकरी न भिजवता कुडूमकुडूम खायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"तोंड उघड रे एनॉक," थॉमस म्हणाला.

"चॅपलात?"

"मग काय बाजारात? उघड."

एनॉकने बैठकीवर बसल्या बसल्या तोंड वासलं. थॉमसने वाकून घोड्याचे बघावेत तसे दात मोजले.

"सव्वीस," त्याने जाहीर केलं. "गावाची अब्रू या जबड्यात हाय. कुणी याला टॉफी देऊ नका."

लोक हसले, पण पत्राची शेवटची ओळ वाचल्यावर हसू थांबलं. स्केलबेककडून काम झालं नाही, तर ठिपका डोंगरापलीकडच्या मोरडेलला द्यायचा, असं त्यात लिहिलं होतं. मोरडेलचा माणूस कोण असणार हेही विचारायची गरज नव्हती. एमॉस हर्ड. दातांनी दोर तोडणारा एमॉस हर्ड, एनॉकचा सख्खा मेव्हणा.

एनॉकची बायको टेमर ही मोरडेलची. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती, पोरं मोठी होऊन आपापल्या संसाराला लागली होती, तरी ती बोलताना "तुमचं स्केलबेक" असंच म्हणायची. तुमच्या स्केलबेकचा वारा, तुमच्या स्केलबेकची पातळ साय. घरी जाताना त्या दिवशीही ती म्हणाली, "तुमच्या स्केलबेकात दात आसलेला एकच गडी निघाला म्हंजी कमाल हाय. आमच्या एमॉसला तर अक्कलदाढसुदिक हाय."

"नुसतीच दाढ," एनॉक म्हणाला.

वरवर हसला, पण घरी पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात ते पत्रच होतं. आजवर त्याच्यासाठी कुणी पत्र पाठवलेलं नव्हतं. नवव्या वर्षी तो दुसऱ्याच्या मेंढ्यांमागे लागला. शाळा म्हणाल तर दोन हिवाळे, त्यातही बर्फ पडला की सुट्टी. अक्षरं त्याने शिकली अठ्ठावन्नाव्या वर्षी. टेमरने स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आधी पेंडीच्या पोत्यांवरची नावं, मग स्तोत्रांची पोथी, मग वर्तमानपत्र, असं चढत चढत शिकवलं. उतारवयात शिकलेल्या अक्षरांची किंमत ज्याची त्यालाच कळते. पोरवयात ती अंगाला वाऱ्यासारखी लागून जातात. म्हातारपणी एकेक अक्षर दगडासारखं उचलून बांधावर बसवावं लागतं. एनॉकने ते बांधकाम केलं होतं. वर्तमानपत्रातले भारदस्त शब्द तो मेंढ्या वळताना घोळवायचा. आता पत्राप्रमाणे विद्यापीठातून मंगळवारी एक बाई येणार, तर तिच्यासमोर हे सगळं शब्दधन काढायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

घोटाळा झाला तो तिथेच.

बाई मंगळवारी आली, मोटरसायकलवरून. नाव मिस विनिफ्रेड क्वेल, वय तिशीच्या आसपास, पायात पुरुषी बूट, पाठीला कातडी पिशवी, पिशवीत जाडजूड वही आणि चित्रांचा गठ्ठा. मे महिना सरत आला होता तरी स्वयंपाकघरात शेकोटी पेटवलेली होती. दुसरं महायुद्ध संपून सात वर्षं झाली, तरी साखर अजून शिध्यावरच मिळायची. टेमरने आठवड्याची सगळी साखर फळांच्या केकात घातली होती. एनॉक चॅपलच्या सुटात, कडक कॉलरमध्ये मान अडकवून बसला होता.

"आपल्या प्रवासात काही व्यत्यय तर उद्भवला नाही ना?" त्याने विचारलं.

टेमरच्या हातातली किटली डुचमळली.

मिस क्वेलने आपल्या कामाची रीत समजावून सांगितली. "मिस्टर थ्वेट, माझ्यावर एक बंधन आहे. शब्द मी उच्चारायचा नाही. मी वस्तू दाखवेन, नाहीतर वर्णन करेन. तिला काय म्हणतात ते तुमच्या तोंडून यायला हवं. मी शब्द सुचवला तर ते उत्तर बाद. आणि एक विनंती, तुम्ही घरात बोलता तसंच बोला."

एनॉकने मान हलवली. सगळेच परीक्षक आधी असं गोड बोलतात, तो मनात म्हणाला.

तिने खिडकीतून बाहेर बोट केलं. "ते खाली पाणी वाहतंय, त्याला काय म्हणता?"

त्या पाण्याला स्केलबेकमध्ये पाळण्यातलं पोरही 'बेक' म्हणतं. गावाच्या नावातच तो शब्द बसला आहे.

"जलप्रवाह," एनॉक म्हणाला.

मिस क्वेलची पेन्सिल क्षणभर अडली, मग चालली. "गाईगुरं बांधता ती जागा?"

"गोशाळा."

"हिवाळ्यात डोंगरावरून घरी आलात, हाडापर्यंत गारठलात, तर काय म्हणता?"

त्या अवस्थेला 'निदर्ड' म्हणतात. नोव्हेंबर ते मार्च दाराशी बूट आपटत एनॉक रोज तेच ओरडायचा.

"आज वातावरणात पुष्कळ शीतलता आहे, असं म्हणतो," एनॉकने सांगितलं.

कोपऱ्यात जाळं विणणारा कोळी तिने दाखवला, दाराची कडी दाखवली, पिल्लांतलं सगळ्यात मरतुकडं कोकरू कोणतं ते वर्णन करून विचारलं. एनॉकने प्रत्येकाला वर्तमानपत्रातला नवा कोट घालून पुढे केलं. तो खूश होता. एकाही उत्तराला अडला नव्हता.

मग तिने गठ्ठ्यातून एक चित्र काढून टेबलावर ठेवलं. काळं मखमली अंग, डोळे नसल्यासारखं तोंड, पुढचे पंजे फावड्यासारखे, शेजारी उकरलेल्या मातीचा ढीग. जमिनीखाली बिळं पोखरणारा, शहरात ज्याला मोल म्हणतात तो.

"हा कोण?"

एनॉकचा उजवा हात टेबलावर होता. तो आपोआप खाली गेला आणि मांडीवर मूठ होऊन बसला.

"तो एक... भूमिगत प्राणी आहे," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

मिस क्वेलचं लक्ष त्या हाताकडे गेलं. तिने चित्र गठ्ठ्यात परत ठेवलं.

बुधवारही तसाच गेला. केक संपला, वहीची चाळीस पानं भरली, आणि संध्याकाळी चहाचा कप बाजूला सारून तिने वही मिटली.

"मिस्टर थ्वेट, तुम्ही मला फार वेळ दिलात. पण मी जे ऐकते तेच लिहिते. हे असंच पाठवलं, तर नकाशावर स्केलबेकच्या जागी लंडन दिसेल." ती थकली होती. "दोष तुमचा नाही, बहुधा मलाच विचारता आलं नाही. उद्या सकाळी निरोप घेऊन मी मोरडेलला जाते."

ती तिच्या बिऱ्हाडी गेली, थॉमस किअर्टनच्या माडीवर. एनॉक कॉलर काढायचं विसरून तसाच बसून राहिला. टेमर कपबश्या विसळत होती, आणि त्या जरा जास्तच वाजत होत्या.

"शीतलता," ती म्हणाली. "अठ्ठेचाळीस वर्सांत माझ्याशी कधी शीतलता बोलला न्हाईस."

"गप गं."

"आता एमॉस वर्सभर नाक वर करून फिरंल. त्याला निरोप धाडू का, दात घासून बस म्हणून?"

नेहमीचं उत्तर आलं नाही तशी टेमर हात पुसत समोर येऊन बसली.

"काय झालंय तुला? त्या चितराला बघून हात का खाली घेतलास? मी बघत व्हते."

एनॉकने उजवा पंजा उलटा करून टेबलावर ठेवला. जाड, काळपट, भेगाळलेला. त्यावर काही दिसण्यासारखं नव्हतं.

"आठ वर्सांचा व्हतो," तो म्हणाला. "पिकर्सगिल मास्तरानं फळ्यावर अशीच चितरं टांगली व्हती. हेच चितर. हा कोण म्हणून इचारलं. मला एवढं एकच येत व्हतं, बाकी कायसुदिक न्हाई. म्हणून मी उठलो आन वरडून सांगितलं, मोडिवॉर्प! बा म्हणायचा तसं. सगळा वर्ग हसला. मास्तर म्हणाला, ही माणसाची भाषा न्हाई, गोठ्यातली हाय. सहा छड्या दिल्या. दुसऱ्या दिवशी परत तेच चितर दावलं. भीतीनं परत तोच शबुद तोंडात आला. परत सहा."

"मला कधी बोलला न्हाईस."

"काय बोलायचं त्यात."

टेमरने तो पंजा जवळ ओढून नीट पाहिला. मग म्हणाली, "पर शेतात तर दिसाला पन्नासदा म्हणतोस की. मोडिवॉर्पनं ह्ये उकरलं, मोडिवॉर्पनं त्ये उकरलं."

"शेतात मास्तर नसतोय," एनॉक म्हणाला.

गुरुवारी सकाळी मिस क्वेल आली ती सामान मोटरसायकलला बांधूनच. एनॉकने पुन्हा सूट चढवला होता. निरोप तरी नीट द्यावा, एवढंच आता हातात होतं. दारातच उभं राहून ती टेमरशी बोलत होती. हवा कशी आहे, रस्ता कसा आहे, मोरडेलची वाट किती चढाची आहे.

"येताना गंमत बघितली," ती सहज म्हणाली. "वरच्या कुंपणाजवळ एक मेंढी पाठीवर निजली होती. चारी पाय वर. किती निवांत! शेजारी तिचं कोकरू ओरडतंय, तरी ही उठायला तयार..."

"रिगवेल्टेड!"

एनॉकचा आवाज एवढा मोठा होता की शेकोटीपुढचं मांजर उडून फडताळावर गेलं.

"कुठं? वरच्या बांधाला? किती येळ झाला? कावळं व्हतं का? आगं बोल की पोरी, कावळं व्हतं का!"

"दोन... दोन होते," मिस क्वेल चाचरत म्हणाली.

पुढचं ऐकायला एनॉक थांबलाच नाही. बहात्तर वर्षांचा म्हातारा चॅपलच्या सुटात अंगण ओलांडून, फाटक न उघडता बांधावरून पाय टाकून, चढणीला लागला.

लोकर कातरायचे दिवस तोंडावर आले की हा धोका असतो. मेंढीच्या अंगावर वर्षभराची लोकर, त्यात रात्रीचा पाऊस मुरलेला. पाठ खाजवायला ती खळग्यात लोळते आणि उताणी पडली की ओझ्याने तिला पुन्हा वळता येत नाही. पाय हवेत झाडत राहते. पोटात वारा धरतो, पोट नगाऱ्यासारखं फुगतं, आणि दोन-चार तासांत कारभार आटोपतो. कावळे तेवढंही थांबत नाहीत, ते डोळ्यांपासून सुरुवात करतात. जिला असं होतं ती रिगवेल्टेड. दुसरा शब्द त्या डोंगरात नाही, आणि धावत सुटलेल्या माणसाला दुसरा सुचतही नाही.

मिस क्वेल मागे धावली. अर्ध्या चढणीवर तिचा एक बूट चिखलात रुतला. तो उपसून तिने हातात घेतला आणि तशीच एका पायात मोजा घालून वर गेली. पिशवी पाठीला होतीच.

मेंढी खळग्यात पडली होती. पाय झाडणंही थांबलं होतं. एनॉकने टोपी फेकून एक कावळा उडवला, दुसऱ्याला दगड मारला. मग गुडघ्यांवर बसून दोन्ही हात कोपरापर्यंत लोकरीत घातले, आणि एक हुंकार देऊन तिला कुशीवर घेतलं, मग पायांवर. ती कोसळायला लागली तशी तिला दोन मांड्यांत धरून उभी केली. सुटाची पँट चिखलाने आणि लेंड्यांनी भरली.

अशा वेळी मेंढीला लगेच सोडून चालत नाही. तिच्या पायांत जीव येईपर्यंत आधार द्यावा लागतो, आणि जनावराला धीर वाटावा म्हणून सारखं बोलत राहावं लागतं. एनॉकचा बाप असाच बोलायचा, त्याचा बापही. एनॉक बोलायला लागला. तिच्या बुद्धीबद्दल बोलला, तिच्या आईच्या बुद्धीबद्दल बोलला. एवढा सगळा डोंगर मोकळा सोडून याच खळग्यात लोळायचं काय अडलं होतं ते विचारलं. तिचं कोकरू कसं मुळात 'रेक्लिंग' होतं, जुळ्यातलं मरतुकडं, पोटाशी धरून त्याला कुणी जगवलं, त्याची आठवण दिली. मार्चमधल्या वादळात ती 'निदर्ड' होऊन बांधाआड पडली होती तेव्हा तिला 'बील्ड'ला, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला, कुणी ओढून आणलं तेही ऐकवलं. एकेक शब्द लोकरीतून पाणी पिळावं तसा निथळत होता.

चार हातांवर मिस क्वेल ओल्या गवतात बसली होती. मांडीवर वही आणि शेजारी एक बूट. तिची पेन्सिल इतकी पळत होती की टोक मोडलं, तशी ती दाताने लाकूड सोलून पुन्हा लिहू लागली.

शेवटी मेंढीने एक मोठा ढेकर दिला, अंग झाडलं आणि काही न झाल्यासारखी चालती झाली. कोकरू मागून पळालं.

"आभार मानायची रीतच न्हाई यांच्यात," एनॉक म्हणाला आणि बांधाला टेकून खाली बसला. आता त्याला वही दिसली. मग स्वतःची पँट दिसली. त्याचा चेहरा उतरला.

"बाईसाहेब, क्षमा असावी. माझ्या मुखातून जे अपशब्द..."

"मिस्टर थ्वेट," ती म्हणाली, "पहिला शब्द पुन्हा म्हणाल? मी म्हणू शकत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. मेंढीला काय झालं होतं?"

एनॉकने तिच्याकडे संशयाने पाहिलं. ती हसत नव्हती. मोजा ओला झालेला, गालावर चिखल, डोळे मात्र असे लकाकत होते की जणू तिच्याच मालकीचं काहीतरी त्या खळग्यात सापडलं होतं.

"रिगवेल्टेड," तो हळू म्हणाला.

"हा शब्द किती जुना आहे माहीत आहे? रिग म्हणजे पाठ, वेल्ट म्हणजे उलटणं. समुद्रापलीकडून होड्यांतून लोक आले, या डोंगरांत राहिले, त्यांनी मेंढ्या पाळल्या. त्यांच्या बोलीतून तो आला. हजार वर्षांपूर्वी."

"हजार?"

"जास्तच असतील."

एनॉक खाली गावाकडे बघत राहिला. चॅपल, पोस्ट, ओळीतली घरं, आणि टोकाला शाळेचं दगडी छप्पर.

"ती शाळा माझ्या बापाच्या देखत बांधली," तो म्हणाला. "दगड त्यानंच वाहिलं."

वारा गवतावरून फिरत होता. मिस क्वेलने बांधाच्या बुडाशी मुद्दाम सोडलेल्या छोट्या भोकाकडे बोट केलं, सशाला जाण्यायेण्यापुरत्या. तिने विचारलं नाही, नुसतं बोट केलं.

"स्मूट," एनॉक म्हणाला.

तिने दगडांच्या दोन थरांना बांधून ठेवणाऱ्या लांब आडव्या दगडाकडे बोट केलं. त्याने नाव सांगितलं. चिखलाकडे. सांगितलं. दगडांच्या फटीतल्या कोळ्याकडे. "अ‍ॅटरकॉप. परवापण मला येत व्हतं," तो ओशाळून म्हणाला.

मग तिचं बोट त्याच्या बुटांशेजारी आलं. तिथे ताज्या, काळ्या, मऊ मातीचा ढीग होता. रात्रीच कुणीतरी खालून वर ढकललेला.

बोट तिथेच थांबलं. एनॉकचा उजवा हात उचलला गेला. सुटाच्या खिशाकडे निघाला होता तो. अर्ध्या वाटेत एनॉकने त्याला अडवलं आणि गुडघ्यावर उताणा ठेवला, बोटं उघडून.

"मोडिवॉर्प," तो म्हणाला.

आवाज नीट निघाला नव्हता. त्याने घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाला, आठ वर्षांच्या वयात म्हणाला होता तेवढ्या जोरात, सव्वीसच्या सव्वीस दात दाखवून.

"मोडिवॉर्प! लिव्ह पोरी. माझा बा म्हणायचा, त्याचा बा म्हणायचा. लिव्ह."

मिस क्वेलने लिहिलं. मग म्हणाली, "माती उधळणारा. तोच त्याचा अर्थ. एके काळी मोठमोठ्या माणसांच्या पुस्तकांतही हाच शब्द होता, मिस्टर थ्वेट. त्यांनी टाकून दिला. तुम्ही ठेवलात."

"बघू," एनॉक म्हणाला आणि वही मागून घेतली.

तो पानाकडे बघत राहिला. चौदा वर्षं घासून शिकलेल्या अक्षरांतली निम्मी तिथे नव्हतीच. काही उलटी पडली होती, काहींना शेपट्या होत्या, काही त्याने जन्मात पाहिली नव्हती.

"ह्ये मला वाचता येत न्हाई," तो कबूल झाला.

"ही उच्चारांची लिपी आहे. जसं कानाला ऐकू येतं, तसंच लिहायचं. वाचू?"

तिने वाचलं. मघाची मेंढीची सगळी खरडपट्टी, पहिल्या शब्दापासून. तिचा शहरी गळा कुठल्या कुठे गेला आणि त्या ओल्या बांधाआडून एनॉकच्या बापाचा आवाज आला. तोच हेल, तेच ओढलेले स्वर, शेवटाला तोच हिसडा. एनॉकने टोपी शोधली, सापडली, आणि उगाचच ती बराच वेळ झटकत राहिला.

टेमर तोवर किटली घेऊन वर आली होती. तिने नवऱ्याची पँट पाहिली आणि काही बोलायला तोंड उघडलं. मग त्याचा चेहरा पाहिला आणि तोंड मिटलं. असं ती वर्षातून एकदाच करायची.

मोटरसायकलवरचं सामान उतरवलं गेलं. मिस क्वेल आणखी सहा दिवस राहिली. पहिली चाळीस पानं तिने एनॉकच्या देखत फाडून शेकोटीत टाकली, आणि सगळं पुन्हा विचारलं, यावेळी गोठ्यात, बांधावर, ओढ्यात पाय बुडवून. तेराशे प्रश्न होते. एनॉक सुटाऐवजी फाटक्या कोटात हिंडला. तिला तो आता सरळ पोरीच म्हणायचा. टेमर मध्येच म्हणायची, "आमच्यात याला निराळं म्हणतात," आणि मिस क्वेल हात जोडायची, "मिसेस थ्वेट, तुम्ही मोरडेलच्या. नियमात बसत नाही." तेव्हा टेमर भांडी आपटायची.

शेवटच्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर माहिती भरायची होती. नाव, गाव, जन्म. एनॉकने पेन्सिल स्वतःच्या हातात घेतली, एकेक अक्षर दगड बसवावा तसं बसवलं. 'शिक्षण' या रकान्याशी तो थांबला. जन्मभर हा रकाना आला की त्याने मान खाली घातली होती. थोडा विचार करून त्याने लिहिलं: शाळा, दोन हिवाळे. बाकी सगळं स्केलबेक.

पुढच्या रविवारी चॅपलच्या चहाला डोंगर ओलांडून एमॉस हर्ड आला. नवी टोपी, दाढी घोटलेली. दोन आठवडे तो बोलावण्याची वाट बघत होता हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"काय दाजी, बाई परस्पर गेली म्हणं," तो केक तोंडात टाकत म्हणाला. "आमच्याकडं आली आसती तर निदान खरं शबुद मिळालं आसतं. तुमच्या हितं काय लिवलं? गोशाळा?"

ही बातमी थॉमस किअर्टनने पसरवली असणार. चॅपलमध्ये हशा पिकला. एनॉक उत्तर द्यायला वळला, पण त्याच्या आधी चहाची किटली घेऊन टेमर भावासमोर उभी राहिली.

"गप बस एमॉस," ती म्हणाली. "नकाशा छापून येऊ दे. ठिपका कुणाचा हाय ते त्यात बघ. हजार वर्सांचं शबुद हायती आमच्या स्केलबेकचं."

चॅपलमधल्या सगळ्या माना टेमरकडे वळल्या. थॉमसने कप खाली ठेवला. टेमर काय बोलून गेली ते तिच्या ध्यानात आलंच नव्हतं. ती पुढच्याच्या कपात चहा ओतायला लागली होती.

एनॉकने ते 'आमच्या' ऐकलं. ताटलीतली वाळलेली ओटची भाकरी उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी कडकन मोडून खाल्ली.